वडूजचा दुपारचा खेळ

लग्नाआधी तीन वर्षं मी सांगलीच्या एका लहानशा नाटक कंपनीत नायिकेची कामं करत होते. सासरी मात्र वडिलांनी सांगितलं होतं, मुलगी शिवणवर्ग चालवते. मीही मान हलवली होती.

दुष्काळ नुकताच सरला होता. वडूजच्या बाजारात सासूबाईंबरोबर मिरच्या निवडत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या माहेरच्या नावानं हाक मारली. वळले तर आमचे मास्तर. कंपनीचे मालक तेच, नाटक बसवणारे तेच, आणि प्रत्येक नाटकातला म्हातारा बापही तेच. कोटाची कोपरं पार विरली होती.

"अगं, देवासारखी भेटलीस! आमची नायिका टायफॉइडनं मिरजेला पडलीय. उद्या दुपारी खास बायकांसाठी खेळ लावलाय. एवढा एक निभावून ने, पोरी."

सासूबाईंचा मिरच्यांवरचा हात थांबला. "कोन हाय गं ह्यो?"

"म्या न्हाई वळखत," मी म्हणाले. मुद्दाम त्यांच्या बोलीत.

मास्तर हात जोडून म्हणाले, "चुकलं, वहिनी. आमच्यातल्या एका मुलीसारख्या दिसलात."

दुसऱ्या दिवशी सासूबाईच मला नाटकाला घेऊन गेल्या. शाळेच्या पटांगणात कनात लावली होती. माझं काम मास्तरांच्या पुतणीनं कसंबसं पाठ केलं होतं. दुसऱ्या अंकात ती अडकली. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं.

"आगं बोल की! दातखीळ बसली व्हय?" पुढून एक बाई ओरडली. सगळ्या खिदळल्या.

मास्तर बापाच्या वेषातच पुढे आले. "पोर नवीन आहे, मायबाप. सांभाळून घ्या."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसले. हसू येत नव्हतं, तरी त्यांच्याहून मोठ्यानं हसले.

पुढे बऱ्याच वर्षांनी, नवरा फौजेतून सुट्टीवर आला असताना, त्याला हे सगळं सांगितलं.

"आन् लपवलंस कशाला?" तो म्हणाला. "म्या पलटणीत मिरवलं आस्तं की!"

ते ऐकून जास्तच लाज वाटली. त्याच सुट्टीत सांगलीला गेले. कंपनी केव्हाच बंद पडली होती. मास्तरांनी स्वतः स्टो पेटवून चहा केला, मुलाबाळांची चौकशी केली. वडूजचं नावही काढलं नाही. ते काढतील म्हणून मी वाट बघत बसले. माफी मागायला गेले होते. चहा पिऊन, पाया पडून परत आले.