कांद्याच्या जाळीखालचे मासे

माझं माहेर कवठे महांकाळच्या बाजूला. एप्रिलच्या सुट्टीत चार दिवस गेले होते. सकाळी चहा पिता पिता भाऊ म्हणाला, "उद्या जेसीबी येतोय. ओढा खोल करायचं ठरवलंय गावानं."

चांगलीच गोष्ट होती. आमच्या भागात पाणी अडवायचं म्हटलं की कुणी नको म्हणत नाही. मी सहज पाय मोकळे करायला म्हणून ओढ्याकडं गेले. ओढा म्हणजे नुसते दगडगोटे. पुलाखाली तेवढं एक डबकं उरलं होतं, आमच्या स्वयंपाकघराएवढं. वाकून बघितलं तर पाण्याच्या अगदी वरच्या थरात चांदीचे ठिपके फिरत होते. मी हात हलवला तसे सगळे ठिपके एकदम पसार झाले आणि थोड्या वेळानं एकेक करून परत आले. मासे होते. बोटाच्या दोन पेरांएवढे, काही त्याहून लहान, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक चकचकीत टिकली.

मी शाळेत शास्त्र शिकवते. माशाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, पण जिवंत मासा कधी हातात घेतला नव्हता. आमची माहेर-सासर दोन्ही घरं जैन, त्यामुळं माशाशी संबंध तेवढाच. आणि आता हे एवढेसे जीव उद्या जेसीबीच्या दाताखाली जाणार. मी पळत घरी गेले, वहिनीची जुनी नायलॉनची साडी मागून घेतली आणि वहिनीलाही ओढत आणलं. दोघींनी साडीची दोन टोकं धरून गुडघाभर चिखलात तीनदा फेऱ्या मारल्या. वहिनी हसून हसून एकदा पाण्यातच बसली. संध्याकाळपर्यंत रंगाच्या रिकाम्या बादलीत अडतीस मासे जमले होते.

दुसऱ्या दिवशी ती बादली मांडीत घेऊन मी एसटीत बसले. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली होती. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय बादलीत?"

"मासे."

त्यानं नाक पुढं केलं. "वास कसा न्हाई येत?"

"जिवंत आहेत."

"आस्सं व्हय!" म्हणत त्यानं झाकण उचलून बघितलं आणि पुढच्या सीटवरच्यांनाही दाखवलं. सांगलीपर्यंत माझ्या बादलीभोवती गर्दी होती.

खरी परीक्षा घरी होती. आमचं घर सांगलीजवळच्या गावात. सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, ओसरीवर डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी बादलीत डोकावलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"खायला नाही आणले, अव्वा," मी घाईघाईनं म्हणाले.

"तसं मी कुठं म्हटलं? पर कोंडून ठेवायचं म्हंजे तुरुंगच की गं त्यो."

मी जेसीबीची गोष्ट सांगितली. अव्वांनी पुन्हा बादलीत वाकून बघितलं. मग विचारलं, "पाणी कुठलं हाय ह्ये?"

"ओढ्याचंच."

"ऱ्हाऊ दे मग. फेकू नगंस." त्या विहिरीचं पाणी फडक्यातून गाळूनच वापरतात, आणि फडक्यावर राहिलेले जीव त्याच विहिरीत परत सोडतात. जिथलं पाणी तिथलेच जीव, हा त्यांचा नियम. तोच त्यांनी माझ्या माशांना लावला. "ओढ्याला पाणी आलं की ज्याचं त्याला परत द्यायचं. आन् जित्तं काय मारून ह्यांच्या तोंडात घालायचं न्हाई. कबूल?"

"कबूल!" त्या क्षणी मी काहीही कबूल केलं असतं.

सांगलीतल्या दुकानातून तीन फुटांची काचेची टाकी आणली. दुकानदार मला सोनेरी मासे दाखवत होता. ओढ्यातले आहेत म्हटल्यावर तो हसला. "म्याडम, असलं मासं टाकीत टिकत न्हाईत." ते मला लागलं, आणि मी ईर्ष्येला पेटले. नवऱ्यानं लोखंडी अँगलचा स्टँड करून दिला. वाळू मी इतक्या वेळा धुतली की शेवटी अव्वाच म्हणाल्या, "बास कर, आता तिचा रंग जाईल." नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून ते दोन दिवस उघडं ठेवलं आणि मग ओढ्याच्या पाण्यात मिसळलं. कालव्यातून पाणवनस्पती आणल्या. त्यातली एक कोबीच्या लहान गड्ड्यासारखी वर तरंगणारी होती. तिच्या खाली पाण्यात मुळ्यांची लांबच लांब दाढी.

मासे टाकीत सोडले तेव्हा ऊन तिरपं येत होतं. मी काचेसमोर उकिडवी बसले आणि ओरडलेच. वरून बघताना नुसती टिकली दिसायची. बाजूनं बघितलं तर अंगभर हिरवट सोन्याचे ठिपके ओळीनं लावलेले, नरांच्या परांना लाल कड, माद्यांच्या पाठीवरच्या पराशी एक काळा डाग. एवढी श्रीमंती त्या गढूळ डबक्यात पडून होती आणि आम्ही पुलावरून जन्मभर ये-जा केली! नवऱ्याला बोलावलं, शेजारच्या काकूंना बोलावलं. अव्वांना बोलावलं नाही, पण त्या खांबाआडून बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरून हाक आली, "अगं ये! पोरी, लवकर ये!" मी कणकेच्या हातानं धावले. अव्वा माळ घेऊन बसल्या होत्या. माळ खाली पडली होती आणि त्यांच्या पाण्याच्या फुलपात्रात एक मासा गरगर फिरत होता.

"उडी मारून माझ्या मांडीवर आला बघ ह्यो!" त्यांनी फुलपात्र माझ्यापुढं धरलं. "थंडगार. हातात नुसता जीव थडथडत होता गं."

तो मासा वाचला. पण टाकीमागं वाकून बघितलं तेव्हा आणखी एक सापडला. वाळलेला. त्याला मुंग्या लागल्या होत्या. अव्वांनी पडलेली माळ उचलली आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात केली.

टाकीला झाकण हवं होतं, पण त्याहून मोठा घोटाळा दुसराच होता. मासे उपाशी होते. दुकानातल्या खाद्याच्या डब्यावर बघितलं तर आत वाळवलेले मासे आणि कोळंबी. डबा मी तिथंच ठेवून आले होते. घरी गव्हाचं पीठ घालून बघितलं. ते त्यांनी तोंडात घेतलं आणि थुंकलं, टाकीचं मात्र ताक झालं. निम्मं पाणी काढून पुन्हा भरावं लागलं. पोटं खपाटीला जायला लागली. साठवणीच्या बादलीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मी ती बादली उचलली, तर मागून आवाज आला, "कबूल काय केलतंस?" मी बादली खाली ठेवली.

त्याच दुपारी एक डास येऊन टाकीतल्या पाण्यावर बसला. पाण्याखालून एक टिकली सरकत आली. चट्! डास गायब. मी अव्वांकडं बघितलं. अव्वांनी माझ्याकडं बघितलं.

"त्याच्या पायानं आला त्यो," त्या हळूच म्हणाल्या.

म्हणजे डास आत जायला हवा, पण मासा बाहेर यायला नको. मच्छरदाणी लावून उपयोग नाही. काचेचं झाकण तर नकोच. दोन दिवस डोक्यात तेवढंच. शाळेत सुट्टीतल्या जादा तासाला मुलांना पचनसंस्था शिकवतानाही माझं लक्ष टाकीत. आणि घरी येताना शेजारच्या काकूंच्या दारात लाल जाळीचं कांद्याचं रिकामं पोतं दिसलं. मी रस्त्यातच "सापडलं!" म्हणून ओरडले. काकूंना वाटलं, माझं मंगळसूत्र सापडलं.

अव्वा कांदा खात नाहीत. पोतं बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. "कांद्याचं?"

"तीनदा धुतलंय, अव्वा."

नवऱ्यानं लाकडी चौकट करून त्यावर जाळी ताणली. पाणी काठापासून चार बोटं खाली ठेवलं. डास, चिलटं जाळीतून आरामात ये-जा करायला लागले. आठवड्यात माशांची पोटं भरली. एक दिवस जाळीवर पिकलेल्या केळ्याची सालं दिसली, आणि त्यांच्याभोवती चिलटांचा ढग. खाली सगळी मंडळी तोंड वर करून हजर.

"सालं कुणी ठेवली?"

अव्वा डाळीतले खडे शोधत होत्या. "टाकून कशाला द्यायची म्हणून ठिवली. मी काय मारलं का कुणाला?"

मी आत जाऊन पोट धरून हसले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. एका दुपारी मी घरी आले तर अव्वा दारात उभ्या. हातात पोथी वाचायचं भिंग. चपला काढायचीही सवड न देता त्यांनी मला टाकीकडं नेलं. "त्या झाडाच्या मुळ्या बघ. लय बारीक बघ. मोती हायत."

होते. मोहरीहून लहान, काचेसारखे गोळे, मुळ्यांना दोऱ्यानं चिकटवल्यासारखे. एक, दोन, सात, अकरा! अंडी! मी अव्वांना मिठीच मारली. मोठे मासे पिल्लांना खातात हे मी वाचलं होतं, म्हणून ती झाडं लोणच्याच्या मोठ्या बरणीत हलवली. मग रोजचा उद्योग एकच. सकाळी अव्वा भिंग लावायच्या, मी शाळेतून आले की मी. आठवड्यानं त्या काचेच्या गोळ्यात दोन काळे डोळे दिसले. ते आतून आमच्याकडं बघत होते.

"वळलं! अगं, आत कूस बदलली त्यानं!" अव्वा एवढ्यानं ओरडल्या की नवरा अंघोळ अर्धी टाकून आला.

पंधराव्या दिवशी बरणीत पापणीच्या केसाएवढं काहीतरी हललं. डोक्यावर टिकली घेऊनच जन्माला आलं होतं. पिल्लांसाठी मी उन्हात हिरवं झालेलं पाणी चमच्यानं घालायचे. काही गेली, बरीच जगली. मग पुन्हा अंडी, पुन्हा बरणी. दुकानदाराला मी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, "मला चार जोड्या द्याल का?" मी नाही म्हणाले. अव्वांना शब्द दिला होता.

गणपती उठल्यावर भावाचा फोन आला, ओढा भरला. अव्वा गेल्या कित्येक वर्षांत गावाबाहेर गेल्या नव्हत्या, पण त्या दिवशी सगळ्यांत आधी त्याच गाडीत बसल्या. दोन बादल्यांत साठाच्या वर मासे होते.

ओढा तुडुंब होता, पण जेसीबीनं काठ भिंतीसारखे सरळ केले होते. पाण्यात काडी नव्हती. अव्वांनी वाकून बघितलं. "हितं नगं. लपायला एक पान न्हाई." भाऊ म्हणाला, "आवं, पाणी तर हाय की." अव्वा ऐकेनात. मग त्यांना हात देत देत आम्ही बांधाबांधानं वर गेलो. अर्ध्या तासावर त्याच ओढ्याचं एक वळण होतं, यंत्र तिथवर पोचलं नव्हतं. लव्हाळं, पाण्यात लोंबणाऱ्या फांद्या, आणि वर भिरभिरणारे किडे.

"ह्ये घर हाय," अव्वा म्हणाल्या.

त्यांनी बादली हळूहळू तिरकी केली. मासे एकदम गेले नाहीत. काठाशी घोटाळले, मग टिकल्या एकेक करून लव्हाळ्यात शिरल्या. पलीकडं एक बगळा उभा होता. तो दोन पावलं पुढं आला, चोच मारली, मान वर केली. मी हातात दगड घेतला. अव्वांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. त्योबी हितलाच हाय." असं म्हणाल्या, पण तोंड फिरवलं आणि बगळा उडून जाईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

निघायला उशीर झाला. अव्वा सूर्य मावळल्यावर काही खात नाहीत, पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि आम्ही मिरजेच्या अलीकडंच असताना दिवस बुडाला. डबा तसाच पिशवीत. मला फार अपराधी वाटलं. मी म्हणाले, "अव्वा, चुकलंच माझं. सकाळपर्यंत उपाशी राहणार तुम्ही."

त्यांचं लक्षच नव्हतं. टाकीत आता तीन पिल्लं उरली होती, सोडायला फार लहान म्हणून ठेवलेली. "त्यातलं एक नर हाय बघ," त्या सांगत होत्या. "पराला लाल कड यायला लागलीय. तुला दिसली का? मला दिसली. उद्या सकाळी दावते."