काकींचे अकरा मासे

नाना रोज सकाळी चहाच्या आधी मासे मोजायचे. पिंप्राळ्यात आमच्या शेजारच्या घरी, फिश टँकसमोर खुर्ची ओढून, हात मागे बांधून. काचेला बोट लावायचं नाही, हा नियम. बोटाच्या पेराएवढे, निळ्या-लाल पट्टीचे अकरा निऑन टेट्रा. थव्याने फिरणारी ती जात एका जागी थांबेल तर शपथ, पण नानांची मोजणी कधी चुकली नाही. "बठ्ठा शेतस," सगळे आहेत, म्हणायचे आणि मग चहा घ्यायचे.

नाना पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. मासे मात्र काकींचे, त्यांच्या बायकोचे. शेवटच्या आजारपणात खाटेवरून दिसावेत म्हणून आणलेले, त्यांनीच निवडलेले. काकी गेल्या, मासे राहिले. गल्लीत कुणी हौसेने दोनच मासे आणले, तर नाना रागवायचे. "एकला मासा दाना खास नही. कोपरा धरीसन बसस. त्याले थवा पाहिजे."

मे महिन्यात ते गोठवलेल्या पाण्याची बाटली टँकमध्ये तरंगत ठेवायचे. नळाचं पाणी तर थेट कधीच घालायचे नाहीत. अंगणातल्या ड्रममध्ये ते दोन दिवस उघडं ठेवायचं, त्यातलं ब्लिचिंग उडालं की मगच वापरायचं. "ब्लिचिंग काय चीज शे, ते मले विचार," म्हणायचे. जन्म त्यातच गेलेला.

एका उन्हाळ्यात धुळ्याला त्यांच्या अक्का वारल्या. दिवसकार्य उरकेपर्यंत नाना तिकडेच थांबणार होते. चावी माझ्या हाती दिली. त्याच आठवड्यात माझ्या सासरचे पाहुणे आले. नळ चार दिवसांआड. आमचं पाणी संपलं, तेव्हा मी नानांचा ड्रम रिकामा केला. पाणी आल्यावर भरून ठेवला आणि त्याच संध्याकाळी त्यातलंच पाणी अर्ध्या टँकला घातलं. नियम मला पाठ होता. एकदा काय होतंय, असं मी मनाशी म्हणाले.

सकाळी दहा मासे वर तरंगत होते. शेपटी फाटलेला एक तेवढा कोपऱ्यात जिवंत होता. मी फरशीवरच बसले. दुपारी बाजारात जाऊन तसेच दहा आणले, दुकानदाराने दिलेले ब्लिचिंग मारणारे थेंब टाकून टँकमध्ये सोडले. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्याच सकाळी नाना आले ते पिशवीही खाली न ठेवता टँकपाशी गेले. एरवी त्यांची चाहूल लागताच सगळे मासे काचेशी धावायचे. त्या दिवशी एकच आला. बाकीचे मागच्या झुडपात दडले. मग नाना अंगणात गेले, ड्रममध्ये वाकून वास घेतला. परत येऊन मोजले. "अकरा. बठ्ठा शेतस," म्हणाले. मी चहा ठेवते म्हणून पळाले.

पुढे दोन वर्षं नाना गावाला जाताना चावी माझ्याकडेच द्यायचे. प्रत्येक वेळी क्षणभर हातात धरून माझ्याकडे बघायचे. मी मान खाली घालून चावी घ्यायची.

मग गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगी त्यांना धुळ्याला घेऊन जायला आली. रिक्षा दारात उभी होती. नाना म्हणाले, "टँक तुन्हा घर लई जाय." मी नको नको म्हणू लागले, तसे ते थांबले. "लई जाय, पोरी. त्यातला एक काकीना शे. बाकीना तुन्हाच शेतस ना?"

मला रडू फुटलं. दोन वर्षं गिळलेलं सगळं सांगून टाकलं. ड्रम, पाहुणे, बाजार.

"मग तेव्हाच का नाही रागवलात, नाना?"

"तू सांगशी म्हनीसन वाट दखी मी," ते म्हणाले आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून रिक्षात बसले.

दिवाळीआधी धुळ्याहून फोन आला. नाना गेले होते. फाटक्या शेपटीचा मासा त्यानंतर महिनाभर जगला. तो गेला त्या सकाळी मी चहाच्या आधी मोजले. दहा भरले. सगळे माझे होते.