काळी चकती आणि ओला टॉवेल

आमच्या घरामागे सायझिंगचा कारखाना होता. लूमवर चढण्याआधी सुताला तिथे खळ लावत आणि वाफेने तापलेल्या रुळांवर वाळवत. दुपारभर वाफ आणि सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत राहत. माझ्या लहानपणीचं धुकं ते हेच.

पुढे मी एका ऑक्साइडवर पीएच.डी. करू लागलो. कॅल्शियम, कोबाल्ट आणि ऑक्सिजनची, भाजून केलेली रुपयाएवढी काळी चकती. एक बाजू गरम आणि दुसरी थंड असली की तिच्यातून किंचित वीज मिळते. या विषयावरच्या परिसंवादात शाल पांघरलेले एक पाहुणे वाया जाणाऱ्या उष्णतेवर देश उजळण्याबद्दल तासभर बोलले. लोडशेडिंगमुळे माइक बंद होता, तेव्हा देश उजळल्याचं पहिल्या रांगेलाच कळलं.

माझ्या गाइडना उजेडाची घाई नव्हती, आकड्याची होती. ‘‘सोमवारपर्यंत प्रयोगशाळेबाहेर चालवून दाखव, नाहीतर विषय बदल.’’ माझी तीन वर्षं त्या चकतीत होती.

शनिवारी दुपारी तांब्याच्या पट्ट्या लावून चकती कारखान्याच्या वाफेच्या पाइपवर बांधली. मीटरवरचा आकडा चढला, रेंगाळला आणि हळूहळू शून्याकडे उतरला. बघता बघता उबेत माझेही डोळे मिटले. स्वप्नात गावातल्या कारखान्यांची एकेक चिमणी पणतीसारखी पेटत चालली होती.

‘‘मास्तर, ही जागा माजी हाय.’’

समोर कारखान्यातले बॉयलरवाले काका, नुकतीच अंघोळ करून आलेले. त्या पाइपवर ज्याची त्याची टॉवेल वाळवायची जागा ठरलेली असे. मी नेमकी काकांची बळकावली होती.

‘‘काका, प्रयोग चाललाय.’’

‘‘चाललाय कुटं? झोपलाय. तुमी बी, तो बी.’’

एवढं बोलून त्यांनी पिळलेला टॉवेल सरळ चकतीवर पसरला. मी ओढायला धावलो आणि थांबलो. आकडा चढत होता. तीन वर्षं पुस्तकात वाचलेली थंड बाजू ठेवायलाच मी पाइपवर बांधताना विसरलो होतो. चकती दोन्हीकडून सारखी तापली होती.

टॉवेल वाळू लागला की आकडा उतरे. मग मी मगाने पाणी शिंपडी. शिफ्टचा भोंगा होईपर्यंत मी वहीत आकडे लिहीत राहिलो. काका शेजारी उघडेच बसून होते; त्यांना मी पाहुण्यांचं देश उजळण्याचं भाषण सांगितलं.

‘‘देशाची लाइट लागंपर्यंत मी ओलाच र्‍हाऊ का?’’

सोमवारी गाइडनी वही चाळली. ‘‘थंड बाजूला काय?’’

‘‘ओलं कापड.’’

त्यांनी वही मिटून परत दिली. ‘‘चालू दे,’’ म्हणाले.

संध्याकाळी मी काकांना नवा टॉवेल नेऊन दिला. त्यांनी तो भिजवला, पिळला आणि आपल्या जागेवर, माझ्या चकतीवरच पसरला.