खंडेनवमीला जपानी तलवार

आमच्या घरात खरी, हाताने घडवलेली जपानी तलवार आहे आणि ती माझी आहे. हे ‘माझी’ मला सारखं सांगावं लागतं. इथे ऑस्ट्रेलियात, स्प्रिंगफील्ड लेक्सच्या आमच्या घरी कोणी जेवायला आलं की तलवार बघतं आणि नवऱ्याला म्हणतं, वा, काय शौक आहे! त्या बिचाऱ्याला कांदा चिरायची सुरी धड धरता येत नाही.

इथल्या युनिव्हर्सिटीत शिकत असताना मी जपानी तलवारीच्या क्लासला जायला लागले. इथे कायमचं राहायचा पीआर मिळाल्यावर थेट जपानला ऑर्डर दिली. तिथे एकाने पातं घडवलं, दुसऱ्याने घासून पाजळलं, तिसऱ्याने म्यान बनवलं. एवढा वेळ लागला की नवरा म्हणायचा, अजून खाणीतून लोखंडच काढतायत वाटतं. खोकं उघडलं तेव्हा मी ढसाढसा रडले, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी खंडेनवमीला सासरे पुण्याहून आलेले होते. शस्त्रपूजा करायचीच म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून मी तलवार म्यानातून काढून चौरंगावर ठेवली, शेजारी लॅपटॉप आणि गाडीची किल्ली. समोर पाटावर सिल्कचा कुर्ता घालून बसला कोण, तर नवरा. माझ्या कपाळावर आठी चढली, पण सणाचा दिवस म्हणून मी निरांजन लावायला घेतलं. तेवढ्यात सासऱ्यांनी ओल्या कुंकवात बोट बुडवून पात्याकडे नेलं.

‘‘बाबा, हात लावू नका!’’

त्यांच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. उघड्या बोटाचा ओलावाही त्या पोलादाला गंज चढवतो, मग कुंकवाचं पाणी लागलं तर संपलंच. त्यांना तसं सांगितलं. कुंकवाशिवाय पूजा कसली, म्हणून ते फुगून बसले. मी पातं कागदाने पुसलं, लवंगेच्या वासाचं तेल लावलं आणि न बघता सरकन म्यानात घालून तलवार परत चौरंगावर ठेवली. सासरे बघत राहिले. मग स्वतःच उठून एक सुपारी आणली, तलवारीशेजारी ठेवली आणि म्हणाले, कुंकू या सुपारीला लावू. त्यांनी मुलाकडे वळून विचारलं, तुला येतं का रे हे सगळं? नाही बाबा, मी तलवारीला हातसुद्धा लावत नाही, नवरा म्हणाला.

‘‘मग तू कशाला बसलायस तिथे? ऊठ. जिचं शस्त्र, तिची पूजा.’’

नवरा हसत उठला. मी पदर खोचला आणि पाटावर बसले.