मांजरीवर ढकललेलं गाणं

दादाच्या घरातली मांजर फक्त दादाची आहे. भांडुपच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीचा त्याने स्टुडिओ केलाय. खिडकी कायमची बंद, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गोधड्या, आणि रेकॉर्डिंग चालू असलं की पंखाही बंद. वहिनी त्या खोलीत पाच मिनिटं टिकत नाही. मांजर मात्र दिवसभर तिथेच. दादा हार्मोनियमवर एकच ओळ घोळवत बसतो तेव्हा ती कॉम्प्युटरच्या गरम डब्यावर पसरून ऐकत असते. ऐकत असते असं दादा म्हणतो. मला विचाराल तर ढाराढूर झोपलेली असते. बाहेर काढली तर दार ओरबाडते, म्हणून गाताना तिला मी मांडीवर घ्यायची आणि गुरगुरायला लागली की टेक थांबवायचा, अशी आमची पद्धत.

मी दादाची धाकटी बहीण, लग्न होऊन मुलुंडला आलेली. त्याच्या गाण्यांचं स्क्रॅच मी गाते. म्हणजे खऱ्या गायिकेला चाल कळावी म्हणून आधी कोणीतरी गाऊन ठेवायचं. तिचं गाणं झालं की तो आवाज काढून टाकतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाटलं असतं तर इतकी वर्षं गेलेच नसते.

गेल्या वर्षी गणपतीचं गाणं करताना दादाच म्हणाला, "ह्या वेळी तुझाच आवाज ठेवतो. बाहेरची कोणी नको. झकास गा फक्त." मी मागितलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते.

मग काय, मी लोणचं सोडलं, दही सोडलं, रोज गुळण्या. सासूबाईंनी अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं. त्याच आठवड्यात मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन झालं होतं. दादाच्या घरी ती स्टुडिओतल्या सामानावर उड्या मारून टाके तोडेल म्हणून दादाने तिला माझ्याकडे आणून सोडलं. तिला सासूबाईंच्या हवाली करून मी भांडुपला गाऊन आले. मांडी रिकामी होती, मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं, पण गाणं मनासारखं झालं.

गणपतीच्या तोंडावर दादाने गाणं घरच्या ग्रुपवर टाकलं. सासूबाईंनी शेजारच्या काकूंना हाक मारली, मोबाइल डब्याला टेकवून उभा केला, आवाज वाढवला. पहिल्याच ओळीला मला कळलं. गाणारी दुसरीच होती.

काकू शेवटपर्यंत मान डोलवत होत्या. म्हणाल्या, "काय गोड गळा गं तुझा!"

सासूबाई गॅसकडे वळल्या. मी काकूंना थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी मी भांडुपला गेले. मांजर बरी होऊन परत तिच्या डब्यावर. मी विचारायच्या आतच दादा म्हणाला, "अगं, वाट लागली ना तुझ्या टेकची. हिची गुरगुर आली अख्ख्या अंतऱ्यात. काढता येईना. मग ऐनवेळी दुसरी बोलवावी लागली."

"दादा, त्या दिवशी ती माझ्याकडे होती. तूच आणून सोडलीस."

वहिनी चहा घेऊन आली होती, ती दारातूनच मागे फिरली. तिला माहीत होतं.

"कंपनीवाल्यांना नाव असलेली हवी होती गं," तो शेवटी म्हणाला. "मी काय करू? तुला कोण ओळखतं?"

हे त्याने आधी सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं, देवाशप्पथ. पण माझ्या सख्ख्या भावाने मला फसवलं आणि वर बिचाऱ्या मुक्या जनावरावर ढकललं. त्याचा राग मला अजून येतो.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला, "एक भावगीत आहे, स्क्रॅच देतेस का?" मी गेले. मनात ठरवून गेले. चाल बरोबर म्हटली, पण एकही हरकत, एकही जागा घेतली नाही, एकही शब्द लाडाने उच्चारला नाही. शाळेत कविता म्हणतात तसं म्हणून टाकलं. दादाचा कान तिखट. एरवी श्वास चुकला तरी तो हात वर करून थांबवतो. मला त्याने थांबवायला हवं होतं. "असं काय गातेस?" एवढं त्याने विचारलं असतं, तर मी तिथेच रडले असते आणि सगळं मिटलं असतं.

त्याने हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "चालेल. झालं तुझं."