सोनोग्राफीच्या खोलीतलं स्टूल

मुरबाडहून फोन आला तेव्हा मी शहापूरच्या माझ्या सेंटरमध्ये एका बाईंच्या पोटाची सोनोग्राफी करत होते. मधूच्या बायकोने एवढंच सांगितलं, "मधू गेला गं... सकाळी चहा घेता घेता." हृदयविकाराचा झटका. दिसेल त्याला 'चढ चढताना दम लागतो का' असं विचारणारा हा माणूस स्वतः कधी कुणापुढे छाती दाखवायला बसला नाही. मला आधी त्याचा राग आला, रडू नंतर आलं. आज महिना उलटला, राग अजून पुरता गेलेला नाही.

डॉ. मधुकर मुरबाडचा फिजिशियन, माझा मेडिकलचा वर्गमित्र. भांडल्याशिवाय आम्ही एकही पेशंट पाहिला नसेल. अवघड पेशंट असला की तो स्वतःच्या गाडीतून त्याला शहापूरला घेऊन यायचा आणि माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर ठाण मांडून बसायचा. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतल्या भागीबाईंना त्याने असंच आणलं होतं. बाई चाळिशीच्या. दोनदा मुतखडा झालेला, बांधावरून नुसत्या घसरल्या तर मांडीचं हाड मोडलेलं, तहान भागत नव्हती, आणि हातात काठी आलेली. हाडं ठिसूळ म्हणजे कॅल्शियम कमी, हा आपल्याकडचा पक्का समज. जो तो डॉक्टर गोळ्या देत होता, आणि घरी नवरा काळूदादा तिन्हीत्रिकाळ नाचणी खाऊ घालत होता. मधूने मात्र रक्तातलं कॅल्शियम तपासलं. ते कमी नव्हतं, चांगलंच जास्त होतं. पट्टा आवळला की आकडा खोटाच चढू शकतो, म्हणून दंडाला पट्टा न आवळता रक्त काढून त्याने पुन्हा तपासलं, तरी तेच. मग पॅराथायरॉईडचं हार्मोन पाहिलं, तेही चढलेलं. गळ्यात थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. त्यातल्या एकीत साधी गाठ झाली की ती हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात सोडत राहते.

"आमी तिला एवढी नाचनी घालतो, गोळ्या देतो, मंग हाडं अशी कशी वो?" काळूदादांनी विचारलं.

"दादा, खाचराचा बांध फुटला तर वरून पाणी सोडून भागतं का? आधी फूट शोधायची," मधू म्हणाला, आणि त्याने गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या.

फूट काही सापडेना. मला सोनोग्राफीत गाठ दिसली नाही. मुंबईला औषध टोचून न्यूक्लिअर स्कॅन केला, तिथेही काही उमटलं नाही. नेमकी जागा कळेपर्यंत तिथले सर्जन हात लावायला तयार नव्हते. काळूदादा पुरते खचले. "दोन ठिकानी काय नाय निंगाला. आता कुटं जायाचं नाय. बसंल घरी." बसंल म्हणजे कायमची बसेल, हे त्यांनाही कळत होतं. मधू भडकला. "रोग रक्ताने ठरलाय. फोटोने फक्त पत्ता मिळतो. घर सापडलं नाही म्हणून माणूस गावातच नाही असं म्हणाल का?" आणि दुसऱ्या आठवड्यात तो बाईंना घेऊन पुन्हा माझ्या दारात हजर.

या खेपेला त्याच्या काखेत घरातली एक जुनी गोधडी होती. तिची वळकटी करून त्याने बाईंच्या खांद्यांखाली सरकवली, मान चांगली मागे झुकली. मी गळ्याखालच्या हाडामागे सोनोग्राफीचा प्रोब तिरका धरला आणि म्हटलं, "गिळा." बाईंनी गिळलं. स्टुलावरून मधूनेही घटकन गिळलं. ही त्याची नेहमीची खोड.

"अरे, तुझी गाठ नाही शोधत मी."

"पेशंटला एकट्याने गिळवत नाही गं. तोंड कोरडं पडतं..."

पुन्हा गिळा. पुन्हा दोघांनी गिळलं, आणि छातीच्या बाजूने जांभळाच्या बीएवढी एक काळी गाठ क्षणभर वर आली नि सुळकन खाली गेली. माझा हात चांगला आहे हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी तिसऱ्यांदा गिळायला लावून मी ती जशी धरली, तसा हात पुन्हा क्वचितच चालला असेल. मधू स्टुलावरून उठून टाळ्याच पिटायला लागला.

मुंबईला छोट्याशा छेदातून गाठ निघाली. ऑपरेशननंतर बाईंच्या ओठांना, बोटांना मुंग्या यायला लागल्या. उपाशी हाडं आता रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेत होती, म्हणून त्याच गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. काळूदादा चक्रावले. "मंग आदी आमचा काय चुकला?" मधू खो खो हसला. "फूट बुजली ना दादा, आता सोडा पाणी! आणि नाचणीही घाला."

गेल्या आठवड्यात भागीबाई आल्या. फाटकापासून माझ्या खोलीपर्यंत चालत, काठीशिवाय. रक्ताचा रिपोर्ट उत्तम होता, सोनोग्राफीची काही गरज नव्हती. तसं मी सांगितलं. त्या स्टुलाकडे बघत राहिल्या.

"डाक्टर नाय आता... पन एकदा बघा ना गो बाय."

गोधडी अजून माझ्याच कपाटात असते. बाईंनी ती स्वतःच काढली, वळकटी केली, खांद्यांखाली घेतली आणि मान मागे टाकली. मी प्रोब ठेवला.

"गिळा," मी म्हटलं.

त्यांनी गिळलं. स्टुलावरून काहीच आवाज आला नाही. मग मीच, तोंड कोरडं पडलं होतं तरी, त्यांच्याबरोबर गिळलं.