कुलूपवाल्याची अर्धी वाक्यं

कुलूपवाल्याची बायको उभ्या जन्मात कोर्टाची पायरी चढली नव्हती, तरी सगळी गल्ली तिला वकीलबाई म्हणायची. कुलूपवाला बोलताना अडखळायचा आणि त्याच्या वतीने बोलायचं काम बाईंनी अंगावर घेतलं होतं. घेतलं होतं म्हणजे त्यांना ते कोणी दिलं नव्हतं. लग्न झालं त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकासमोर त्याचा 'उद्या' हा शब्द 'उ'वरच अडकला, गिऱ्हाईक फिस्सकन हसलं, आणि बाई पुढे होऊन म्हणाल्या, "उद्या या म्हणतायत." त्या दिवशी त्याने त्यांच्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं, की पुढची सव्वीस वर्षं बाई त्या एका नजरेच्या जोरावर बोलत राहिल्या.

दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधली फट. मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या, मधे त्याचं टेबल, टेबलावर चावी घट्ट धरून ठेवणारा व्हाइस, कानशी, चिमटे, आणि पुढे काउंटरवर बाई. गिऱ्हाइकाने त्याच्याशी बोलायला मान जरा वाकडी केली, की बाई तेवढ्याच सरकून मधे यायच्या. गल्लीतल्या टवाळांनी यावर विनोद केला होता, की कुलूपवाल्याच्या तोंडाला कुलूप आहे आणि चावी बायकोच्या कमरेला. बाईंना हा विनोद भारी आवडायचा. नव्या गिऱ्हाइकाला त्या तो स्वतःच सांगायच्या, आणि तोही त्याच्यासमोर.

बाईंच्या अंगात कसब होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याच्या ओठांनी नुसता आकार घेतला की त्यांना पुढचं वाक्य दिसायचं. त्याने 'च' म्हटलं आणि तो हात पुसत असला तर 'चला', डोळे चोळत असला तर 'चष्मा'. "आमच्या ह्यांना बोलावंच लागत नाही, मला मनातलं कळतं," असं त्या शेजारणींना सांगायच्या. शेजारणींचे नवरे धडाधड बोलायचे आणि तरी त्यांच्या पोटातलं काही बाहेर यायचं नाही, त्यामुळे त्या बिचाऱ्या हेव्याने ऐकत बसायच्या.

दहातली नऊ वाक्यं बाई बरोबर पूर्ण करायच्या. घोळ होता तो दहाव्याचा. चुकलेलं वाक्य सुधारायचं तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. पुन्हा घसा आवळणार, पुन्हा मानेच्या शिरा ताठणार, पुन्हा समोरचा दयाळू चेहरा करून बघणार. त्यापेक्षा बायकोचं चुकलेलं वाक्य गिळणं सोपं. तो मान डोलवायचा आणि बाई समजायच्या, दहापैकी दहा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी चहाचा घोट घेऊन तो एकदा "सा-सा-साखर" एवढंच म्हणाला होता. "साखर नको? बरंच झालं, तब्येतीला चांगलं," असं म्हणून बाईंनी डबा बंद केला. त्याला साखर कमी पडली होती. तेव्हापासून तो बिनसाखरेचा चहा पितोय, आणि ह्यांना गोडाचं वावडं आहे असं बाई चारचौघांत सांगतात.

अशी ही गाडी सुरळीत चालली असती. पण एकदा शहराच्या टोकाच्या तंत्रशाळेत परीक्षेच्या कागदांचं लोखंडी कपाट उघडेना, चावी आतच तुटली, आणि त्यांनी कुलूपवाल्याला बोलावलं. नेमक्या त्याच दिवशी बाई तापाने झोपल्या होत्या. तो एकटा गेला. वीस मिनिटांत त्याने कपाट उघडलं आणि भोवती जमलेल्या विद्यार्थ्यांनी विचारलं तेव्हा कसं उघडलं तेही सांगितलं. सांगायला उघडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. तरी कोणी हललं नाही, कारण त्याचे हात दाखवत होते आणि ते बघण्यासारखे होते.

पुढच्या सोमवारी शाळेचे प्राचार्य दुकानात आले आणि समोरच्या स्टुलावर बसले.

"आम्ही कुलूपकामाचा वर्ग सुरू करतोय," ते त्याला म्हणाले. "आठवड्यातून तीन दुपारी. तुम्ही शिकवाल का?"

कुलूपवाल्याने हातातली कानस खाली ठेवली. त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याला हातांसाठी नाही, तर बोलण्यासाठी बोलवत होतं. त्याला ते इतकं हवं होतं की त्याने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"म-म-म..."

"मला नाही जमायचं म्हणतायत," बाई म्हणाल्या.

प्राचार्य त्याच्याकडेच बघत राहिले. त्याने श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. "मी... मी ये..."

"मी येऊन कधीतरी तुमची कुलपं बघून देईन म्हणतायत. अहो साहेब, तुम्ही भले आहात, पण शिकायला येणारे सगळे भले नसतात. ह्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत तास संपेल. नकला करतील ह्यांच्या. ते हसू मी बघितलंय, तुम्ही नाही बघितलं."

यातली भीती खरी होती, बाईंनी ते हसू खरंच बघितलं होतं. पण त्या भीतीच्या खाली आणखी एक भीती दबा धरून बसली होती, आणि ती बाईंनी स्वतःशीही कधी कबूल केली नाही. वर्गभर माणसं जर ह्याचं थांबून ऐकायला लागली, तर आपलं काय काम उरलं?

त्याने हात वर केला, बाईंना थांबवायला. बाईंनी तो हात प्रेमाने धरला आणि टेबलावर परत ठेवला. "राहू द्या. उगाच त्रास करून घेऊ नका." प्राचार्य उठले, एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून त्यांनी ती व्हाइसखाली सरकवली आणि गेले. "वाचवलं बघा तुम्हाला," बाई म्हणाल्या. त्याने कानस उचलली आणि तो कामाला लागला.

त्या दुपारपासून कुलूपवाल्याने बोलणं बंद केलं. 'हं' नाही, 'च' नाही, काही नाही. आणि अकरा दिवस बाईंना या गोष्टीचा पत्ता लागला नाही. लागणार कसा? त्याने हात पुसले, बाई म्हणाल्या, "चला? चला." त्याने ताटावर हात आडवा धरला, बाई म्हणाल्या, "पुरे? बरं." गिऱ्हाइकांना तर त्या आधीपासूनच एकट्या पुरून उरत होत्या. त्याचं पहिलं अक्षर गेलं आणि बाईंचं काही अडलं नाही. घरात पूर्वीइतकीच बडबड होती.

बाराव्या दिवशी मुलीचा फोन आला. मुलगी परगावी नर्स होती, सुट्टीच्या सकाळी फोन करायची.

"बाबा काय म्हणतायत?"

"गुडघा दुखतोय म्हणत होते. तुझी आठवण काढत होते. ये म्हणाले एकदा."

"म्हणाले, की तूच म्हणालीस?"

"तुझं आपलं काहीतरीच! मी काय खोटं बोलतेय?"

"आई, फोन त्यांच्या कानाला लाव आणि तू जरा गप्प बस."

बाईंनी फणकाऱ्याने फोन दिला. पलीकडून मुलगी म्हणाली, "बाबा, मी थांबलेय," आणि खरोखरच थांबली. कुलूपवाल्याने फोन कानाला लावला, समोर हाताची घडी घालून उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं आणि फोन शांतपणे परत तिच्या हातात दिला.

"आई," मुलीने विचारलं, "ते शेवटचं कधी बोलले?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काल, परवा, तेरवा, अशा त्या मागे मागे जात राहिल्या. प्रत्येक दिवशी त्यांना आवाज ऐकू येत होता, पण तो त्यांचाच होता. शेवटी प्राचार्य स्टुलावर येऊन बसले होते, त्या दुपारपाशी येऊन त्या थांबल्या.

मग सुरू झाल्या विनवण्या. डॉक्टरांनी घसा तपासला आणि घसा उत्तम असल्याचं सांगितलं. बाई रडल्या, तो पाणी घेऊन आला. बाईंनी मुद्दाम चुकीचं बोलून बघितलं, म्हणजे चिडून तरी तोंड उघडेल. एका गिऱ्हाइकाला त्या म्हणाल्या, "हे म्हणतायत, तुमची तिन्ही कुलपं फुकट करून देतो." त्याने मान डोलवली आणि तिन्ही कुलपं फुकट करून दिली. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. ही मान आजवर आणखी कुठे कुठे अशीच डोलली असेल, हा विचार मात्र बाईंना पहिल्यांदाच शिवला.

मधल्या काळात तो आठवड्यातून तीन दुपारी बाहेर जायला लागला होता. "पितळेच्या पट्ट्या बघायला गेलेत," असं बाई गिऱ्हाइकांना सांगत, आणि सांगता सांगता त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. एके दिवशी समोरचा शिंपी म्हणाला, "वहिनी, माझी भाची तुमच्या ह्यांच्याकडे शिकते. फार छान समजावून सांगतात म्हणे."

"काय करतात?"

"समजावून सांगतात."

बाईंनी दुकान तसंच उघडं टाकलं आणि तंत्रशाळा गाठली. लांबलचक व्हरांडा, लोखंडाच्या किसाचा वास, कुठेतरी हातोडीचा ठोका. शेवटच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत पंधरा-सोळा माणसं आपापल्या व्हाइसपाशी चाव्या घासत होती आणि कुलूपवाला बाह्या सरसावून मधे उभा होता. त्याच्या हातात उभं चिरून आतलं सगळं दिसेल असं केलेलं कुलूप होतं.

"कुलूप उ-उ-उघडलं नाही," तो म्हणाला, "की माणूस... माणूस प-प..."

तो अडकला. कोणी मान वर केली नाही. कोणी दयेने बघितलं नाही, कोणी ओठ हलवून मदत केली नाही. कानशी चालू राहिल्या, जसं काही एका वाक्याला एवढाच वेळ लागत असतो. दारात उभ्या बाईंचा मात्र जीव खालीवर झाला. त्यांचे ओठ आपोआप हलले.

"पहिल्यांदा जोर लावतो!" त्या म्हणाल्या.

सगळ्या कानशी एकदम थांबल्या. पुढच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या बाईने वळून बघितलं.

"सरांचं वाक्य चालू असताना मधे बोलायचं नाही, ताई," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच ठरलंय आमचं." तिचा स्वर अजिबात उद्धट नव्हता. चपला बाहेर काढा, असं सांगावं तसं तिने सांगितलं.

कुलूपवाला दारापाशी आला. "अहो, मी फक्त..." बाई म्हणाल्या. त्याने हात वर केला, आणि या वेळी तो हात धरून खाली ठेवण्याचं धाडस बाईंना झालं नाही.

"घ... घ..."

बाईंना वाक्य दिसलं. घरी जाऊन बोलू. नाही, घाबरू नकोस. नाही, घडीभर बस आत. एकाहून एक गोड वाक्यं त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली. त्यांनी दात ओठांत रुतवले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या थांबल्या. सगळा वर्ग थांबला. त्याने हवा तेवढा वेळ घेतला.

"घरचं सगळं तू बोल," तो म्हणाला. "म-माझं तिथलं बोलून झालं."

बाई पुढचं ऐकायला तशाच उभ्या राहिल्या. पुढे काही नव्हतं. तो वळला, वर्गाच्या मधे जाऊन उभा राहिला आणि मोडलेलं वाक्य त्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं. व्हरांड्यातून परत जाताना ते बाईंच्या कानावर पडलं. "कुलूप उघडलं नाही, की माणूस प-प-परत तीच चावी घालून बघतो." म्हणजे बाईंनी पूर्ण केलेलं वाक्य त्याचं नव्हतंच.

याला आता चार वर्षं झाली. वर्ग चालू आहे, त्याचे विद्यार्थी गावोगाव कुलपं उघडत फिरतात. मुलगी बापाला थेट शाळेत फोन करते आणि दोघं तासभर बोलतात, असं शिंप्याने सांगितलं म्हणून बाईंना कळलं. घरात तो भांडत नाही, रुसत नाही, बाईंना डॉक्टरकडे नेतो, औषधं आणून देतो, आणि काही विचारलं की मान डोलवतो. त्या मानेला काही अर्थ नाही, पूर्वीही नव्हता, हे बाईंना आता पक्कं माहीत आहे. गल्लीत त्या अजून "हे म्हणतायत" असं म्हणतात, कारण दुसरं काय सांगणार. फक्त रोज जेवायला बसलं की त्या घास हातात धरून गप्प राहतात आणि त्याच्या तोंडाकडे बघत थांबतात. आता त्यांना थांबता येतं, कितीही वेळ. तो जेवतो, ताट उचलतो आणि हात धुवायला जातो.